सेफ्टी प्लॅनवाली ॲप्स वापरून बघितली, माझं मत

धाकटा भाऊ टीवायला आहे, मध्यंतरी त्याचं फार बिनसलं होतं, डॉक्टर आणि गोळ्या चालू होत्याच पण रात्री-अपरात्री तसले विचार आले की काय करायचं हा प्रश्न होता, म्हणून जीव नकोसा वाटणाऱ्या मुलांसाठीची मिळतील ती ॲप्स आम्ही दोघांनी टाकून बघितली. त्याला विचारूनच लिहितेय.

प्ले स्टोअरवर ‘मेंटल हेल्थ’ टाकलं की निम्मी ॲप्स श्वास घ्या, पावसाचा आवाज ऐका, रोज एक सुविचार, असलीच. वाईट नाहीत, पण आत्महत्या हा विषयच टाळतात. आपल्या घरात पण तेच ना, कोणी मरणाचं बोललं की आजी लगेच, अभद्र बोलू नये वास्तू तथास्तु म्हणते, विषय बंद! एका चॅटबॉटला (नाव घेत नाही) मुद्दाम मराठीत लिहिलं की जगावंसं वाटत नाही, तर म्हणे पाणी प्या, जरा चालून या. डिलीट. सरळ विचारल्याने कोणाच्या डोक्यात हे खूळ शिरत नाही, हे डॉक्टर लोक कधीपासून सांगतायत. 2020 मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थ या वैद्यकीय जर्नलमध्ये अशा आपलं आपण वापरायच्या साधनांच्या चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, त्यात जी साधनं थेट या विचारांवरच काम करतात त्यांनी ते विचार थोडे कमी झाले, नुसत्या डिप्रेशनवर काम करणाऱ्या साधनांचं तसं ठाम काही दिसलं नाही. थोडे हां, जादू नाही.

आम्हाला पटला तो सेफ्टी प्लॅन, म्हणजे तसले विचार आले की पायरीपायरीने काय करायचं ते आधीच लिहून ठेवायचं. मूळचा बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा, एका कागदावर मावेल एवढा. ऑस्ट्रेलियाच्या बियॉन्ड ब्लू या संस्थेने 2016 मध्ये त्याचं बियॉन्डनाऊ ॲप काढलं, मांडणी एकदम सुटसुटीत. इंग्रजी आहे आणि हेल्पलाईन तिकडच्या, त्यामुळे आपले नंबर आपणच भरायचे. आधी धोक्याच्या खुणा लिहायच्या, भावाने लिहिलं की मी जेवायला बसत नाही आणि ग्रुपवर रिप्लाय देणं बंद करतो (आईला हे वाचून कळलं!). मग एकट्याने काय करता येईल, कुठे जाता येईल, त्याचा शिवाजी पार्कचा कट्टा, मग कोणाला फोन, मग डॉक्टर. आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू हाताशी राहणार नाहीत हे बघायचं, ते काम ॲप करत नाही, घरच्यांनीच करायचं, आमच्याकडे गोळ्यांचा डबा आता आईच्या ताब्यात असतो. प्लॅन बरं वाटत असेल त्या दिवशी भरा, कोणीतरी सोबत बसून, शक्यतो डॉक्टर किंवा काउन्सेलर. 5 पैकी 4.

टेलिमानस म्हणजे 14416, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारचं, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, 2024 ला ॲपही आलं. पण लालबागच्या वन आरकेत सगळ्यांसमोर बोलणार कुठे हो, गॅलरीत गेलं तर बाजूच्या काकूंचे कान टवकारलेले. म्हणून देवनारच्या टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आयकॉल, ही पण काउन्सेलिंगची हेल्पलाईनच, लक्षात ठेवा, त्यांच्याशी ईमेलवर पण बोलता येतं, लिहिताना आवाज होत नाही.

प्लॅन भरून झाला की स्क्रीनशॉट काढून एखाद्या भरवशाच्या माणसाला पाठवा, फोनची बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. आणि कोणाला आत्ता, या क्षणी तसं वाटत असेल तर ॲप शोधत बसू नका, 14416 लावा, जिवाला धोका असेल तर 112, नाहीतर शेजारी झोपलंय त्याला हलवून उठवा, कोणी रागावणार नाही.