ग्राफिक्स गेलेला जुना लॅपटॉप: विंडोज ठेवायचं, लिनक्स टाकायचं की क्रोमओएस फ्लेक्स?

गेल्या वर्षभरात माझ्याकडे तीन लॅपटॉप आले, तिन्ही दहा-बारा वर्षांचे आणि तिन्हींचं दुखणं एकच, ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग. एक आत्याचा, एक शनिवार पेठेत डीटीपी करणाऱ्या मित्राचा आणि एक भाच्याचा, कॉलेजला असताना हट्टाने घेतलेला गेमिंगवाला. प्रश्न तिघांचा सेम, विंडोज काढून दुसरं काही टाकलं तर चालेल का. तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

काहीही डाउनलोड करायच्या आधी दुखणं कुठंय ते बघा. लॅपटॉप चालू केल्यावर पहिला कंपनीचा लोगो येतो ना, तिथंच जर उभ्या रेघा, ठिपके, रंगीत चौकोन दिसत असतील तर विंडोज की लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम) हा वादच घालू नका, कारण तोवर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) सुरू झालेली नसते. मग टीव्ही नाहीतर मॉनिटर केबलने जोडून बघा. बाहेर चित्र स्वच्छ आलं तर बहुतेक ग्राफिक्सची चिप ठणठणीत आहे आणि गेलाय तो पॅनल किंवा बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल, ते बदलून मिळतं, विषय संपला. बाहेरही रेघाच आल्या तर चिप गेली. आणि लोगो स्वच्छ, विंडोजचे ठिपके गोल फिरतात आणि मग स्क्रीन काळी किंवा सगळं जागच्या जागी गोठतं, असं असेल तर ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) लोड होऊन चिपला कामाला लावतोय आणि ती तिथं बसकण मारतेय. ओएस बदलून फायदा व्हायची शक्यता आहे ती फक्त या तिसऱ्या प्रकारात.

दुसरी गोष्ट, लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स एक आहे की दोन. त्या काळच्या बऱ्याच मॉडेलांत प्रोसेसरच्या आत इंटेलचं साधं ग्राफिक्स असायचं आणि शिवाय बोर्डावर एक वेगळी तगडी चिप. मरते ती बहुतेक वेळा ही वेगळी चिप. गरम-थंड, गरम-थंड होऊन तिच्याखालचे सोल्डरचे बारीक ठिपके तडकतात. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या कंपनीने तर २००८ मध्ये लॅपटॉपच्या काही चिपांच्या पॅकेजिंगमधला दोष जाहीर कबूल करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते, आणि ॲपलने २०११ च्या मॅकबुक प्रोच्या ग्राफिक्ससाठी २०१५ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढली होती, म्हणजे हे फक्त तुमच्याच नशिबात आलंय असं नाही. तर दोन चिपा असतील तर मेलेलीला हातच न लावता इंटेलवर संसार चालवता येतो. एकच असेल तर पळवाट फार नाही.

(चिप गरम करून बसवून देतो असं कुणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. पेठेतल्या एका दुकानात भाच्याच्या लॅपटॉपवर १८०० रुपये घालवले, गणपतीत चालू झाला आणि दिवाळीच्या फराळाआधी परत काळा. नवी चिप बसवणं वेगळं आणि जुनीलाच हॉट एअरने शेकणं वेगळं.)

आता विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढे नाव नोंदवून घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट, बस. विंडोज ११ ला कागदोपत्री टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, ग्राफिक्सही डायरेक्टएक्स १२ वालं पाहिजे, आणि आत्याच्या लॅपटॉपात तिसऱ्या पिढीचा आय फाइव्ह, त्याचं ग्राफिक्स डायरेक्टएक्स ११ वरच अडकलेलं. जुगाड करून विंडोज ११ टाकणारे आहेत, पण आधीच ग्राफिक्स आजारी असलेल्या मशीनवर मी तो उद्योग करणार नाही. विंडोज ७ वर परत जा म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो, त्यांना सांगा की क्रोम ब्राउझरने १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ ला रामराम ठोकलाय.

पण विंडोजची एक बाजू खरंच चांगली आहे, खराब चिप बंद करणं सोपं. सेफ मोडमध्ये (कमीत कमी ड्रायव्हरवर विंडोज सुरू करायची सोय) जायचं, डिव्हाइस मॅनेजर उघडायचं, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये वेगळ्या चिपवर राइट क्लिक करून डिसेबल. दोन मिनिटांचं काम, कमांड वगैरे काही नाही. वैताग पुढे येतो. आत्याच्या लॅपटॉपवर मी हे केलं, तीन आठवडे मस्त चालला, मग एका मोठ्या अपडेटने स्वतःच्या मनाने ड्रायव्हर परत बसवला आणि सकाळी आत्याचा फोन, "अरे, तुझं ते मशीन परत थिजलं बघ, भजनी मंडळाची यादी अर्धी राहिली." लॅपटॉप तिचा, पण बंद पडला की तो माझा होतो. एकच चिप असेल आणि तिचाच ड्रायव्हर काढला तर विंडोज स्वतःच्या बेसिक डिस्प्ले ड्रायव्हरवर चालतं, दिसतं सगळं, पण ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, स्लीप चालत नाही आणि व्हिडिओ अडखळत चालतात. तात्पुरता डेटा काढून घ्यायला ठीक.

लिनक्समध्ये सुरुवातीला डोकं जास्त लागतं पण एकदा बसलं की बसलं. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, मी त्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती वापरतो, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ४ जीबी रॅममध्ये आरामात. मिंटचीच सिनॅमन नावाची आवृत्ती दिसायला भारी आहे पण तिला थ्रीडी ग्राफिक्स लागतं, ते मिळालं नाही की सगळा भार प्रोसेसरवर टाकते आणि तसा मेसेजही दाखवते, म्हणून एक्सएफसीई. पेनड्राइव्हवरून बूट करताना मेनूत कंपॅटिबिलिटी मोड असतो तो निवडा, त्यात नोमोडसेट नावाचा पर्याय लागतो, म्हणजे ग्राफिक्सचे खास ड्रायव्हर न उठवता साधं चित्र दाखव. आणि इथंच बरेच जण चुकतात, नोमोडसेट कायमचं ठेवून देतात आणि मग लिनक्स किती स्लो म्हणत बसतात. अहो, त्याने खराब चिपबरोबर चांगलं इंटेलही झोपतं! इन्स्टॉल झाल्यावर ते काढायचं आणि फक्त खराब चिपचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायचा, म्हणजे तो लोडच होऊ द्यायचा नाही, एनव्हिडिया असेल तर नूवो, जुनं एएमडी असेल तर रेडिऑन. ग्रबच्या (लॅपटॉप चालू होताना लिनक्स उठवणारा प्रोग्राम) फाइलमध्ये एक ओळ वाढवायची आणि अपडेट ग्रब ही कमांड मारायची. आत्याच्या लॅपटॉपवर हे केलं त्याला आता आठ महिने झाले, अपडेट येतात-जातात, ती ओळ जागची हललेली नाही. तिला मराठी टायपिंगसाठी आयबस लावून दिलं, फोनेटिक कीबोर्ड, दोन दिवस कुरकुर केली, आता बोलत नाही.

तोटे आहेतच. ब्लॅकलिस्ट केलेली चिप झोपते पण तिची वीज बहुतेक वेळा चालूच राहते, म्हणजे बॅटरी उतरते आणि लॅपटॉप गरम लागतो, ती चिप पूर्ण बंद करायचा खटाटोप मॉडेलप्रमाणे बदलतो. एनव्हिडियाची चिप धड असेल पण फार जुनी असेल तर वेगळीच रड, कंपनीचे जुने ड्रायव्हर नव्या कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, चालेनासे होतात (फर्मी या जुन्या पिढीच्या चिपांसाठीच्या ३९० मालिकेच्या ड्रायव्हरचा सपोर्ट २०२२ अखेर बंद झाला) आणि नूवोवर चिप पूर्ण वेगाने धावत नाही. आणि टॅली (हिशेबाचं) किंवा श्रीलिपी (मराठी टायपिंगचं) ज्याच्या पोटापाण्याची आहे त्याला लिनक्स सांगूच नका. माझ्या डीटीपीवाल्या मित्राला मी विंडोजच ठेवायला सांगितलं, चिप डिसेबल, ड्रायव्हर आपोआप उतरवायचं सेटिंग बंद, लॅपटॉपला इंटरनेट नाही, फाइल पेनड्राइव्हवरून. त्याचं चाललंय.

क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे गूगलची जवळजवळ ब्राउझरवरच चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्याबद्दल थोडक्यातच. २०२२ मध्ये आलं, फुकट आहे, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा पुरते, आणि ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्यांना आवडतं. पण प्ले स्टोअर नाही, टाकायचं तर अख्खी डिस्क त्यालाच द्यावी लागते, आणि आपल्या कामाचा मुद्दा म्हणजे अमुक चिप वापरू नको असं सांगायची सोपी जागाच त्यात नाही. पेनड्राइव्हवरून लावून बघा, दहा मिनिटं यूट्यूब चाललं तर तुमचं नशीब, नाही चाललं तर झटापट करू नका. ग्राफिक्स ठीक आहे पण मशीन म्हातारं आहे, तिथं मी हे पहिलं सुचवेन.

कुठलीही ओएस असो, ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (काम ग्राफिक्स चिपवर ढकलणारं सेटिंग) बंद करून बघा, एक्सएफसीईत कम्पोझिटरही (खिडक्यांच्या सावल्या वगैरे इफेक्ट दाखवणारा). निम्मं गोठणं बरेचदा तिथंच थांबतं. आणि पंख्यातली धूळ काढा हो, सिंहगड रोडवर रस्त्याकडेच्या फ्लॅटमधला लॅपटॉप उघडला तेव्हा आत अक्षरशः गोधडी निघाली.

राहिला भाच्याचा. एकच चिप, लोगोपासूनच रेघा, वर शेकून झालेला. त्याची डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपात लावली, डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, डेस्कटॉप न टाकता, नेटवर्कवरून लॉगिन होईल एवढंच, आणि डिस्क परत जागेवर. आता तो टीव्हीच्या मागे वायर लावून पडलेला असतो, स्क्रीन मिटलेली, घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो रात्री त्यात जातात. त्याला चित्र दाखवायचंच नाहीये. आई त्यावर दिव्याची तेलाची बाटली ठेवायची, ती मात्र मी तिथून उचलली.