पाथर्डी फाटा : तिघाचौघांनी मिळून राहायला कसा आहे?

डिग्री झाली, नोकऱ्या लागल्या, आता सगळ्यांनी मिळून फ्लॅट घ्यायचा. नाशकात हा बेत ठरला की पहिलं नाव निघतं कॉलेज रोडचं, दुसरं गंगापूर रोडचं. कॅफे तिकडे, गर्दी तिकडे, आणि भाडंही त्याच तोऱ्यात. पण एकाची कंपनी अंबडला, दुसऱ्याची सातपूरला आणि तिसऱ्याची गोंद्याला असेल, तर संध्याकाळच्या दोन तासांच्या मजेसाठी तिघांनी सकाळी गाव ओलांडायचं कशाला? अशा मिश्र कंपूसाठी आमचा कौल पाथर्डी फाट्याला. पाचपैकी साडेतीन गुण.

गुण मिळतात ते रस्त्यांमुळे. अंबड एमआयडीसी हाकेवर. सातपूरला जायला अंबड लिंक रोडने एक्स्लो पॉइंटवरून निघता येतं, शहरात शिरावं लागत नाही. गोंदे मुंबई-आग्रा महामार्गावर सरळ, साधारण वीस किलोमीटर. पंचवटीकडे काम निघालं तर उड्डाणपूल धरायचा, द्वारका चौकातल्या वाहतुकीचा गोंधळ खालीच राहतो. फक्त महामार्गाखालच्या इंदिरानगरच्या बोगद्यातून रोज ये-जा करावी लागेल असं घर घेऊ नका. सकाळ-संध्याकाळ तिथे दुचाकीसुद्धा अडकते.

घर बघायला शनिवारी जाऊ नका. अंबड-सातपूरच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे त्या दिवशी लिंक रोड अगदी गुणी बाळासारखा वागतो. कामाच्या दिवशी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान गाडी काढा आणि त्या फ्लॅटच्या गेटपासून कंपनीच्या गेटपर्यंत घड्याळ लावून जा. कंपनीची बस असेल तर थांबा नेमका कुठे, हे एचआरला नव्हे, ड्रायव्हरला विचारा. पहिल्या पाळीला पहाटे सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बसच्या, भरवशावर राहू नका. चौघांत निदान दोन दुचाक्या लागतातच.

आता कापलेला दीड गुण. महापालिकेचा खतप्रकल्प याच शिवारात आहे. वारा फिरला की वास येतो, पावसाळ्यात जास्तच. एजंट उन्हाळ्यात, भरदुपारी फ्लॅट दाखवतो तेव्हा काही जाणवत नाही. म्हणून संध्याकाळी एकदा परत जा, गच्चीवर दहा मिनिटं उभे राहा आणि खालच्या किराणावाल्याला विचारा. तो खरं सांगतो, त्याला दलाली मिळायची नसते. शिवाय नाशिकरोडला जायचा वडनेर-विहितगावचा रस्ता रात्री सामसूम असतो आणि त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर तिकडून एकट्याने दुचाकीवर न गेलेलं बरं.

पाण्याकडे नीट बघा, नव्या इमारतींत खरी मेख तिथेच असते. बाथरूमचा नळ सोडा आणि तोटीच्या तोंडाशी बघा. पांढरा खरपुडा धरला असेल तर टाकीत बोअरचं पाणी येतंय. गीझरची कॉइल त्याने लवकर जाते आणि ती बदलायची कोणी, यावर घरमालकाशी वाद होतो. महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, खालच्या टाकीतून वर चढवायची मोटर कोण लावतं, उन्हाळ्यात टँकर आला तर पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे, हे तीन प्रश्न वॉचमनला विचारा. चौघांच्या आंघोळी सकाळी तासाभरात उरकायच्या असतात, तेव्हा एकच बाथरूम असलेला टू बीएचके स्वस्त दिसला तरी सोडा.

विजेचं मीटर स्वतंत्र हवं. महावितरणचा दर शंभर, तीनशे, पाचशे युनिटच्या टप्प्यांनी चढतो. चार पंखे, गीझर आणि एखादा कूलर चालला की तीनशेचा टप्पा कधी ओलांडला कळत नाही. सबमीटरवर मालक स्वतःचा दर लावणार असेल तर तो आधीच लिहून घ्या.

‘बॅचलर नको’ ही पाटी सोसायट्यांत सर्रास भेटते. मालकाचा होकार पुरेसा नाही, चेअरमनशी बोलल्याशिवाय टोकन देऊ नका. करार अकरा महिन्यांचा, आणि महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे. ‘नोटरी करू, स्वस्त पडतं’ या वाक्याला फसू नका. समजा भाडं १२,००० आणि डिपॉझिट ३६,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ३,३००. या १,३५,३०० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ३४० च्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी जे मागतात त्यात बहुतेक एजंटची मजुरी. करारात चौघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर केला आणि त्याची बदली झाली, तर उरलेले तिघे कागदावर पाहुणे ठरतात. मधेच एक जण सोडून गेला तर त्याचा डिपॉझिटचा वाटा नव्या येणाऱ्याने त्याला द्यायचा, हे आपसात लिहून ठेवा. दोस्ती असली तरी.

बजेट ओढाताणीचं असेल तर फाट्याऐवजी सिडको बघा. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौकाच्या आसपास घरमालक खाली आणि भाडेकरू वर अशी घरं मिळतात, पोळी-भाजी केंद्रं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. खोल्या लहान, गल्ल्या अरुंद, आणि गाडी रात्री रस्त्यावरच. कव्हर आणि साखळी दोन्ही घ्या.

सगळेच ओझरला एचएएलच्या विमान कारखान्याकडे जाणार असाल तर हे सगळं विसरा आणि अमृतधाम, आडगावकडे बघा. सिन्नर किंवा आठवड्यातून दोनदा पंचवटी एक्सप्रेसने मुंबई असेल तर नाशिकरोड, जेलरोड. सकाळी सातच्या गाडीसाठी पाथर्डी फाट्यावरून निघणं दोन आठवडे जमतं, तिसऱ्या आठवड्यात गाडी चुकते.