उतरलेली बॅटरी: जंप स्टार्टर की चार्जर?

हिवाळाभर कव्हरखाली झोपलेली गाडी. किल्ली फिरवली तर सेल्फ फिरत नाही, नुसती टकटक. इथून पुढे जंप स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करण्यापुरती वीज देणारी हातात मावणारी बॅटरी, लावायचा की चार्जर, हा प्रश्न. मी दोन्ही करून बसलो आहे.

जंप स्टार्टर झटपट, यात वादच नाही. चिमटे लावले की दोन मिनिटांत इंजिन सुरू. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर त्याला तोडही नाही. फक्त गोठलेल्या बॅटरीला लावू नका, आणि उतरलेली बॅटरी भरलेलीपेक्षा फार लवकर गोठते.

माझं बिनसलं ते पुढच्या भागावर. गाडी सुरू झाली तरी बॅटरी रिकामीच असते, त्यामुळे इंजिन बंद करायची चोरी. अर्धा तास गाडी फिरवली, हेडलाइट आणि हीटर चालू. वाटेत औषधं घ्यायला थांबलो आणि सवयीने किल्ली काढली. परत येतो तर तीच टकटक, आणि जंप स्टार्टर घरी टेबलावर चार्जिंगला! पार उतरलेली बॅटरी भरायची तर अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, काही तास हवेत. अर्ध्या तासात त्याच्या हातून काय होणार?

चार्जरला वेळ लागतो, हे खरं. १० चा पाना घेतला, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवलं, बॅटरी घरात आणली आणि रात्रभर लावून ठेवली. चार्जर काढून काही तासांनी मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. त्याचीही एक खोड आहे: बॅटरी फारच खाली गेली असेल तर स्मार्ट चार्जर तिला ओळखच देत नाही. माझी १०.८ वर होती, म्हणून निभावलं. शिवाय बॅटरी बरेच आठवडे उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, मग कशानेच ती पूर्ववत होत नाही.

मुळात उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी? अलार्म आणि सेंट्रल लॉक मिळून ३० मिलिअँपिअर खातात असं धरा. तीन महिन्यांत ६५ अँपिअर-अवर, म्हणजे बऱ्याच गाड्यांची अख्खी बॅटरी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवणं फुकटात होतं, पण नंतर घड्याळ लावा, ऑटो खिडक्यांना वर-खाली जाणं पुन्हा शिकवा, हे मला कंटाळवाणं वाटतं. कुणाला चालेलही. मी मात्र आता मेंटेनन्स चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर, हिवाळाभर लावूनच ठेवतो.

जंप स्टार्टर विकलेला नाही, गाडीतच असतो. डिकीत मात्र नाही. ती बटणावर उघडते, म्हणजे बॅटरीवरच.