कोर्टाबाहेरच्या भाषांतरवाल्याकडचा अनुभव: पाचपैकी दोन तारे

वडिलोपार्जित शेतीच्या दाव्यासाठी हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ चं मराठी करून हवं होतं. कोर्टासमोरच्या एका टायपिंगवाल्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी कागद हातात, टाइप स्वच्छ, वागणं नम्र. पण मी तीस वर्षं व्याकरण शिकवलंय, त्यामुळे नजर थेट क्रियापदांवर गेली.

मूळ इंग्रजीत दुरुस्ती लागू झाल्यापासून, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलगी ‘जन्मानेच सहदायाद होईल’ असं आहे; सहदायाद म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनची वाटेकरी. जन्म मागे, ‘होईल’ पुढे! याच गाठीवर खटले झाले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात हवेत. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा खटल्यात ते फिरवलं: हक्क जन्मानेच येतो, वडील हयात असण्याची अट नाही. माझे वडील २००१ लाच गेले, म्हणजे माझा सगळा दावा याच वाक्यावर. आणि या गृहस्थांनी सरळ ‘झालेली आहे’ लिहून ठेवलं.

त्याहून वाईट पुढे. २० डिसेंबर २००४ पूर्वी ‘झालेल्या’ वाटण्यांना कायदा हात लावत नाही. यांनी लिहिलं ‘होणाऱ्या’. दाखवलं तर म्हणाले, “मॅडम, अर्थ तोच ना!”

फुकट दुरुस्त करून दिलं, म्हणून दुसरा तारा. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र खुशाल द्या. कायद्याचं कलम मात्र वकिलांना दाखवल्याशिवाय दाखल करू नका.