कॅबमधून सुटलेली डिझायर आणि ‘बसतंय ना?’ म्हणत गळ्यात मारलेले ब्रेक पॅड

कॅब म्हणून पळून पळून दमलेली डिझायर खासगी गाडीची पांढरी पाटी लावून घरी येते, तेव्हा पहिला मोठा खर्च बहुधा ब्रेकचाच निघतो. फसवणूकही तिथूनच सुरू होते. काउंटरवरचा माणूस विचारतो, “कितीचं मॉडेल?” मालक आरसी बघून म्हणतो, “२०१६.” झालं, घात इथेच झाला.

२०१६ ची डिझायर म्हणजे नेमकी कुठली? त्या साली खासगी गिऱ्हाइकाला दुसऱ्या पिढीची, म्हणजे २०१२ मध्ये आलेली चार मीटरच्या आतली गाडी मिळत होती. टॅक्सीवाल्यांना मात्र ‘टूर’ या नावाने मूळची २००८ ची, लांब डिकीची पहिली डिझायर विकली जात होती. २०१७ मध्ये तिसरी पिढी आली आणि दुसरी पिढी ‘टूर एस’ होऊन टॅक्सीत गेली. म्हणजे त्या काळातली फ्लीटची, म्हणजे टॅक्सीच्या ताफ्यातली, गाडी आरसीवरच्या सालापेक्षा एक पिढी जुनी. त्यात एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, घोळ. ते सगळ्या नव्या कारना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या टॅक्सीत ते असेलच असं नाही, आणि त्याप्रमाणे हब (चाकाचा मधला भाग) आणि मागच्या ब्रेकचे ड्रमही बदलू शकतात. साल सांगून पार्ट मागणं म्हणजे आडनाव सांगून माणूस शोधण्यासारखं आहे.

मिळालेले पॅड, ते चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये बसत नाहीत, तेव्हा काही गॅरेजवाले ते परत पाठवत नाहीत. ग्राइंडर काढतात आणि पॅडच्या लोखंडी प्लेटचे दोन्ही कान घासून ते बसवतात. मालकाला दिसतं, ‘बसलं’. जास्त घासलं गेलं, तर पॅड ब्रॅकेटमध्ये हलतो आणि ब्रेक दाबला की ‘टक्’ असा आवाज येतो. रिव्हर्समध्ये तो आणखी स्पष्ट ऐकू येतो. कमी घासलं गेलं, तर पॅड अडकतो, पाय काढल्यावरही डिस्क सोडत नाही, चाक तापतं, अ‍ॅव्हरेज पडतं आणि पॅड एका बाजूने तिरका झिजतो. परत करायला जावं तर दुकानदार म्हणतो, घासलेला माल घेत नाही. गॅरेज दुकानाकडे बोट दाखवतं आणि दुकान गॅरेजकडे.

म्हणून पार्ट नंबर काढायचा तो चेसिस नंबरावरून. तो १७ अक्षरा-अंकांचा असतो, मारुतीचा बहुधा ‘एमए३’ने सुरू होतो. गाडीवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर न् अक्षर पडताळायचा, मगच कंपनीच्या अधिकृत काउंटरवर पार्ट नंबर मागायचा.

पण एकदा फ्लीटमध्ये राबलेल्या गाडीला एवढंही पुरत नाही. पन्नास-शंभर गाड्या पळवणाऱ्याच्या यार्डात ठोकलेल्या गाडीचा कॅलिपर काढून दुसरीला लावणं हे रोजचं काम. चेसिस नंबर सांगतो, कारखान्यातून काय लागून आलं होतं. आज चाकात काय आहे, ते चाक उघडल्याशिवाय कळत नाही. डावा आणि उजवा कॅलिपर शेजारी ठेवून ओतकामावरच्या खुणा ताडून पाहा, पिस्टनचा व्यास मोजा. दोन बाजूंचे व्यास वेगळे असले, तर मोठ्या पिस्टनच्या बाजूला दाब जास्त पडतो आणि ब्रेक लावताच गाडी तिकडे ओढते. अशा गाडीत नवे पॅड टाकून, अलाइनमेंट करून, टायर बदलूनही ओढ जात नाही. मालक मात्र तिन्हींचे पैसे देऊन बसलेला असतो.

जुना पॅड काढल्यावर तो घेऊनच दुकानात जायचं आणि प्लेटची लांबी, उंची, एकूण जाडी, कानांचा आकार जुळवायचा. जुन्या पॅडचेच कान घासलेले दिसले, तर तो नमुना म्हणून बाद. पुढच्या दोन चाकांचा संच चार पॅडचा, मागच्या ड्रमचा चार शूंचा, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचा. ‘एकाच बाजूचे बदलू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जुने सुटे भाग गाडी देतानाच मागून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच गाडीचा झिजलेला पॅड दाखवून ‘हा बघा तुमचा’ म्हणतात.

मागच्या ड्रमची फसवणूक त्याहून शांत. कॅबचे ड्रम लेथवर टर्निंग मारून मारून आतून मोठे झालेले असतात. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्याच्या पलीकडे गेलेल्या ड्रममध्ये नवे लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) घातले, तर शू फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी. ब्रेकचं पेडल खाली जातं, हँडब्रेक नेहमीपेक्षा जास्त दात वर येतो. शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन नेहमीपेक्षा बाहेर सरकतो आणि मग गळती. लायनर बदलल्याचं बिल होतं, ड्रम मोजल्याचं कोणी बोलत नाही. डिस्कचंही तसंच, किमान जाडी तिच्यावर कोरलेली असते. मात्र ती मायक्रोमीटरने मोजायची. साध्या व्हर्निअरचे जबडे कडेला उरलेल्या न झिजलेल्या काठावर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड दिसते.

ब्रेक ऑइल हा स्वस्तातला सापळा. डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा कोरडा, म्हणजे ओलावा न शोषलेला असतानाचा, उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. पण खरी भीती त्यात खनिज तेल मिसळलेलं असण्याची. ते तेल ब्रेकमधलं रबर फुगवतं. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, होस (रबरी नळी), सगळीकडचं. टाकीच्या झाकणाखालचा रबरी पडदा फुगून वेडावाकडा झालेला दिसला, तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात. नव्या बाटलीतले दोन थेंब ग्लासभर पाण्यात टाकून बघा: ग्लायकोलचं ऑइल मिसळून जातं, खनिज तेल तरंगतं. यावरून ऑइल अस्सल ठरत नाही, पण सर्वांत घातक भेसळ उघडी पडते. हात धुऊन घ्या, आणि ते रंगावर सांडू देऊ नका.

डब्याचं म्हणाल, तर होलोग्राम बघून निश्चिंत होऊ नका, नकली डब्यालाही होलोग्राम असू शकतो. डब्यावर उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी हवी. स्टिकरवर स्टिकर दिसला, तर खालचा वाचा. मग पॅड हातात घ्या. लायनिंग (घासणारा थर) आणि प्लेट यांच्या सांध्यात नख शिरत असेल, कडा भुरभुरत असतील, तर तो माल तिथेच ठेवून या. काही पॅडच्या कडेला ‘एफएफ’सारखी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड पॅडच्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या पॅडच्या. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५. दुसरं अक्षर खालचं असेल, तर घाट उतरताना त्याचा अर्थ कळतो.

कच्चं बिल घेऊ नका. ‘जीएसटी वाचवून देतो’ म्हणणारा खरं तर आपली ओळख लपवत असतो. पक्क्या बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी नंबर असतो, दुकान महाराष्ट्रात असेल तर तो २७ ने सुरू होतो. बिलावर गाडीचा नंबर आणि पार्ट नंबर लिहून मागा, नुसतं ‘ब्रेक पॅड सेट’ नको. गॅरेजच्या जॉबकार्डवर ड्रमचा आणि डिस्कचा मोजलेला आकडा घ्या.

तरीही फसलात, तर घासलेले पॅड, डबा आणि बिल यांचे फोटो काढून सगळं एका पिशवीत ठेवा. पॅड कॅलिपरमध्ये असतानाचा फोटो काढल्याशिवाय ते उतरवू देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि माल-कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ग्राइंडरच्या खुणा असलेला पॅड दुसऱ्या गॅरेजकडून लेखी अहवालासह जोडला, तर दुकानदार आणि गॅरेज यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली तरी तक्रार लटकत नाही. दोघांनाही त्यात प्रतिपक्ष करा.