मराठी कार्ट्रिजसाठी ईप्रॉम की फ्लॅश?

जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेम यंत्रासाठी, किंवा आपल्याकडे चाललेल्या त्याच्या नकलांसाठी, स्वतःजवळच्या खेळाचे मराठी रूपांतर घालून ६० पिनांचे कार्ट्रिज (यंत्रात खोचायची खेळाची डबी) घरी बनवायचे झाल्यास पहिला प्रश्न खेळ साठवणाऱ्या चिपचा येतो: ईप्रॉम घ्यायचा की फ्लॅश? दोन्ही पुसून पुन्हा लिहिता येतात.

ईप्रॉमच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असते; तीतून अतिनील दिव्याचा प्रकाश सुमारे २० मिनिटे पाडला की मजकूर पुसला जातो, आणि नवा लिहायला १२ व्होल्टांहून अधिक दाब लागतो. खिडकीवर अपारदर्शक पट्टी नसेल तर आठवडाभराचे थेट ऊनही मजकूर पुसू शकते. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात मे महिन्यात अशी चिप ओसरीवर विसरणे परवडणारे नाही.

फ्लॅश मात्र ५ व्होल्टांवर क्षणात पुसली जाते, त्यामुळे वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहते. देवनागरीसाठी हे फार मोलाचे आहे. पडद्यावरच्या ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका चौकटीत वेलांटी आणि जोडाक्षर मावत नाही, म्हणून दोन चौकटी एकावर एक रचाव्या लागतात; ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्हा’ वाचता यावा म्हणून मी एका संध्याकाळी नऊ वेळा चिप लिहिली. ईप्रॉमवर त्याच कामाला दिव्याखालचेच तीन तास गेले असते.

जोडणीत ईप्रॉम सोपा आहे. ३९एसएफ०१० या फ्लॅशला ३२ पाय असतात, तर कार्ट्रिजच्या जुन्या बोर्डांवर पुष्कळदा २८ भोके असतात. तारा ओढाव्या लागतात, आणि लेखनाची आज्ञा घेणारा ३१वा पाय ५ व्होल्टांना बांधावाच लागतो. तरीही मी फ्लॅशच घेईन.