करवंदाचा जॅम की जेली?

वैशाखात रत्नागिरीच्या सड्यावरून टोपलीभर करवंदं आली की आमच्या घरी हाच प्रश्न.

जॅमला काळीभोर, पिकलेली करवंदं घ्यावीत. थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर घासली की बिया वर राहतात. जितका गर तितकीच साखर, आणि दाट होईपर्यंत ढवळणं. फारसं वाया जात नाही, मुलं चपातीला लावून खातात.

जेलीचं तंत्र वेगळं. तिला निम्मी तरी लालसर, अर्धकच्ची करवंदं हवीत. पेक्टिन त्यांत जास्त असतं आणि जेली त्यानेच धरते. शिजवलेली फळं पंच्यात बांधून रात्रभर टांगायची. फडकं पिळायचा मोह आवरा, पिळलंत की रस गढूळ झालाच. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर, मोठी आच. चमचा आडवा धरल्यावर शेवटचे दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे सुटले की लगेच उतरवायचं. जास्त आटली तर रबरासारखी होते.

मेहनत जास्त, हाती कमी येतं, तरी मी जेलीच करते. उजेडात धरलेली ती माणकाच्या रंगाची बरणी! जॅमला तो नूर नाही. हापूसचा मात्र जॅमच करावा. पिकल्या आंब्याची जेली नीट धरत नाही.